ऐनाची ओ

ऐनखोल गावाच्या वरच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या काठी, ऐनाचं एक जुनं झाड उभं आहे. साल मगरीच्या पाठीसारखी, भेगाळलेली. फक्त एका जागी, उभ्या माणसाचा कान जिथे टेकेल तिथे, ती घासून घासून गुळगुळीत झाली आहे. पाहुणे आले की गावातला म्हातारा सीतूआजा आधी त्यांना तिथे कान लावायला सांगतो आणि मग बोलायला लागतो. "मोबाईल खिशात घाला," म्हणतो, "आणि मधे हसू नका. आमची माणसं एकदा हसली होती."

फार पूर्वी, असे सांगतात, या गावात आवडी नावाची नवी सून आली. भारी भित्री. पातेल्यावरचं झाकण पडलं तरी हिचा हात छातीवर. गावाने तिचं नावच दचकी पाडलं होतं. सकाळी ती पऱ्यावर पाण्याला जायची, तेव्हा डोक्यावरून ककणेर जायचा. शहरातले लोक ज्याला धनेश म्हणतात तोच हा पक्षी, भल्या मोठ्या वाकड्या चोचीचा. त्याच्या पंखांचा आवाज असा, की वर आभाळात कोणी सुपाने पाखडतंय. आवडी रोज दचकायची, डोक्यावरची कळशी रोज हिंदकळायची आणि बाकीच्या बायका रोज हसायच्या.

एका सकाळी ती दचकली नाही. कळशी घरी आणून ठेवली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आज पदर कोरडा आहे.

एवढंच. पण दिवसभर ती पुन्हा पुन्हा अंगणात येऊन वर बघत राहिली.

दुसऱ्या सकाळीही आभाळ गप्प. आवडी कळशी तशीच ठेवून ऐनाखाली गेली. झाडाच्या वरच्या अंगाला एक ढोली होती. शिमग्याच्या सुमारास ककणेराची मादी त्या ढोलीत शिरली होती, आणि चिखल, विष्ठा लिंपून तिने आतून तोंड बुजवून घेतलं होतं. चोच निघेल एवढी फट तेवढी ठेवलेली. आत ती आणि तिची अंडी. बाहेरून नर उंबरं आणून भरवायचा. गावात हे एकट्या आवडीने पाहिलं होतं, कारण भित्रं माणूस वर बघतच चालतं. झाडाखाली रोज ओल्या बियांचा सडा असायचा. आज बिया सुकलेल्या होत्या आणि त्यांवर मुंग्या फिरत होत्या.

दुपारी ती सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. धाकटा दीर, बाबी, उंबऱ्यात उभा राहून ऐटीत म्हणाला, "जोरात चोळ गो वयनी. ककणेराचं तेल हाय, परवाच मारला. आये आता पुढल्या शिमग्याला नाचतीच बघ."

आवडीचा हात थांबला. त्या तेलाचा वास मग कितीही राख लावली तरी गेला नाही म्हणे.

त्यातच संध्याकाळी देवळापुढे ढोल वाजला. देवीच्या सभामंडपाचा खांब कुजला होता. ढोलीचं लाकूड देवीला चालत नाही, म्हणून हा ऐन आजवर वाचला होता. पण यंदा कोणीतरी खालून पाहिलं, तर ढोली बुजलेली! गुरवाने देवीला कौल लावला, पाकळी उजवीकडून, होकाराची पडली. झालं. देवीनेच ढोली बुजवून झाड निर्दोष केलं, असं गावाने ठरवलं. शिडी लावून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. कौल मिळाल्यावर कोण बघतो?

सुनेने गावकीपुढे बोलायची रीत नव्हती. तरी आवडी पदर घट्ट धरून पुढे झाली. "आत जीव आहे," एवढंच तिला म्हणता आलं.

"कोण जीव?" भागोजी गावकराने विचारलं. गावात त्याचा शब्द चाले.

"ककणेराची मादी. आतनं दार लिंपून बसलीय."

"आतनं लिंपून? आन कडी पन घातलीन असंल!" मंडप हसला. "जा गो बाय घरी. उद्या सांगशील, डोंगर खोकतो."

सकाळी माणसं कुऱ्हाडी घेऊन ऐनाकडे आली, तर आवडी बुंध्याला पाठ लावून उभी.  ती हलेना. सुनेच्या अंगाला हात कोण लावणार? शेवटी भागोजी कंटाळून म्हणाला, "बरं, मार हाक. आत कोन असंल तर देईल ओ. न्हाय दिलीन तर बाजूला व्हायाचं."

आवडीने हाक मारली. "अगो बाय, आहेस ना गो आत?"

ओ नाही. कोणीतरी फिदीफिदी हसलं. तिने पुन्हा हाक मारली, आवाज फाटला. ओ नाही. तिच्या मनात नको ते येऊ लागलं. नर गेल्यापासून आत कोणी भरवलेलं नाही. आपण फार उशीर केला का? कालच का नाही ओरडलो? बाबीने कुऱ्हाड उचलली.

आणि मग तिला सुचलं. घाबरलेला जीव गर्दीत बोलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती वळून म्हणाली, "कुऱ्हाडी खाली ठेवा. बसा सगळी. कोणी हूं की चूं करू नका." सासरच्या माणसांना असं ती जन्मात बोलली नव्हती. माणसं बसली. तिने सालीला कान लावला.

इथे सीतूआजा थांबतो आणि पुढचं आधी सांगतो. देवळाचा तो खांब आजही जुनाच आहे, खाली दगडाचा तुकडा जोडलेला. ज्याने नर मारला त्या बाबीलाच गावाने शिडी लावून रोज उंबरं भरवायला लावलं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. आजही गावात उंबर तोडत नाहीत. आजही कुठल्याही झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी घरची बाई बुंध्याशी जाऊन विचारते, "आहेस ना गो आत?" आणि सगळे खाली बसतात. हल्ली करवत यंत्राची असते. तीही बंद करायला लावतात. पलीकडच्या खोऱ्यात कोणी थांबलं नाही. तिथल्या पोरांनी ककणेर चित्रातच पाहिलाय. आमच्याकडेही सकाळी आवाज चुकला की बायका कळशी टेकवून वर बघतात, आजा सांगतो. जीव थाऱ्यावर राहत नाही.

मग तो गुळगुळीत सालीवर हात ठेवतो.

आवडी कान लावून उभी होती. ऊन माथ्यावर आलं. माणसं बसूनच होती. तिला फक्त स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येत होती, की ती झाडाची होती, तिला कळेना. तिने अगदी हळू, निजलेल्या पोराला उठवावं तशी, आणखी एकदा हाक मारली.

"अगो बाय?"

आणि वर, लिंपलेल्या दाराच्या आत, चोच आपटली.