वारुळातला गोड पाहुणा

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आईने मला बजावलं होतं. पण तुम्ही माझ्याच वयाचे आहात, म्हणून सांगते.

एका रानात, हिरड्याच्या बुंध्याशी मुंग्यांचं एक नांदतं वारूळ होतं. तिथे एक धाकटी मुंगी आपल्या थोरल्या बहिणीबरोबर अंडी सांभाळत असे. ओल आली की अंडी कोरड्या जागी हलवण्यात थोरलीची बरोबरी कुणी करत नसे, आणि धाकटीला तिचा फार अभिमान होता.

एके दिवशी वारुळाच्या दाराशी एक भुंगेरा आला. दोन दिवस तो वारुळाच्याच मातीत लोळला होता. दारावरच्या मुंग्यांनी त्याला हुंगलं आणि त्या म्हणाल्या, "वास तर आपलाच आहे. जाऊ दे आत." भुंगेऱ्याच्या पाठीवरून एक गोड रस पाझरत असे. तरुण मुंग्यांना गाठून तो हळूच म्हणायचा, "दमलात ना गं पोरींनो? चाटा एक थेंब. थेंबाने काय होतंय!" थेंबाने डोकं हलकं व्हायचं, मग दुसरा हवासा वाटायचा. थोरलीनेही चाटला. मुंग्या झिंगल्या की भुंगेरा निवांतपणे अंडी खायचा.

धाकटीने हे पाहिलं. "ताई, तो आपली अंडी खातोय गं!"

"तुला काय कळतंय? आणि कुणाला सांगितलंस, तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

बहीण तुटेल या भीतीने धाकटी तीन दिवस गप्प राहिली. चौथ्या दिवशी तिने पाहिलं, तर थोरली एका खड्यालाच अंडं समजून मायेने चाटत बसली होती. मग मात्र धाकटी उठली आणि तिने सगळं वारूळ गोळा केलं. पाहिलेलं सगळं तिने सांगितलं.

एकच गलका झाला. "आमच्या पोरी नाहीत तसल्या!" "स्वतःची बहीण बिघडली, म्हणून सगळ्यांना नावं ठेवतेय, चोंबडी कुठली!" "झिंगणाऱ्या तेवढ्या बाहेर काढा, म्हणजे बाकीच्या वळणावर येतील."

तेव्हा एक म्हातारी मुंगी पुढे आली. "बाहेर काढता? अगं, आपण सगळ्या एकमेकींच्या तोंडातला घास खातो. त्या पोरीच्या पोटातला रस माझ्याही पोटात उतरलाय. मग आधी मला काढा." मग सगळ्या मिळून उपाय शोधू लागल्या.

भुंगेऱ्याची पाठ टणक, चावून उपयोग नव्हता. पण तो जगत होता मुंग्यांनी भरवलेल्या घासावर आणि चोरलेल्या अंड्यांवर. त्या दिवसापासून त्याला कुणी घास भरवला नाही, त्याच्या पाठीला कुणी तोंड लावलं नाही आणि अंड्यांभोवती मुंग्यांचं कडं उभं राहिलं. झिंगलेल्या मुंग्यांना उचलून उबदार खोलीत नेलं. पाळीपाळीने दोघी-दोघी त्यांच्याजवळ बसू लागल्या. थोरलीशी जिचं कधी पटलं नव्हतं, तीही आपली पाळी चुकवत नसे. थोरली धडपडायची, चावायची. "सोड मला, चोंबडे!"

"चाव हवं तर," धाकटी म्हणायची, "पण मी इथून हलणार नाही."

"आज फुकट आहे गं, एकच थेंब!" म्हणत भुंगेरा खोल्याखोल्यांतून फिरला. आठव्या दिवशी तो वाळक्या पाठीने चालता झाला. थोरली त्यानंतरही दोनदा त्याच्या मागावर गेली, आणि दोन्ही वेळा मुंग्यांनी तिला उचलून घरी आणलं. मग एका सकाळी ती आपणहून अंड्यांच्या खोलीत आली. "कुठली आधी हलवायची?" तिने खालच्या आवाजात विचारलं. धाकटीने नुसतं सरकून तिला जागा करून दिली.

आता दूरदूरच्या वारुळांतल्या मुंग्या येऊन विचारतात, "तुम्ही हे केलंत तरी कसं?" तेव्हा ते वारूळ थोरलीला लपवत नाही. मोठ्या मानाने तिलाच पुढे करतं, आणि ती न लाजता सगळं सांगते.

तात्पर्य : नशेत अडकलेल्याला लपवू नये आणि हाकलूही नये, त्याला धरून ठेवावं, आणि हे काम एकट्या आईचं किंवा एकट्या बहिणीचं नसतं, तर ते आपल्या सगळ्या— आले गं आई, आले!