टिटवीचा उपसा

ज्या काळी डोहांनाही कारकून असत, त्या काळी एका डोहावर बगळ्याची नेमणूक झाली. चैत्राच्या उन्हात खडकावरची अंडी तापू लागली, तशी टिटवी पोटाची पिसं भिजवून न्यायला धावत आली.

"पाणी प्यायला मनाई नाही, बाई," बगळा म्हणाला. "पण पिसांतून बाहेर नेलं, की तो उपसा झाला. त्याला परवाना लागतो."

"अहो भाऊसाहेब, आत्ताच म्हैस अंगभर पाणी घेऊन गेली की."

"तो चिखल. चिखलाला नियम नाही. तुम्ही डोहातल्या सगळ्या माशांचा ना-हरकत दाखला आणा."

टिटवी रोज दोन-चार माशांचे दाखले आणी. पण सही केलेला मासा दुसऱ्या दिवशी डोहात नसे, म्हणून दाखला बाद होई. बगळा मात्र चांगलं बाळसं धरू लागला.

आठव्या दिवशी डोह आटला. बगळ्याने पळसाच्या पानावर परवाना लिहून दिला. "घ्या. आता कुणाचीच हरकत उरली नाही."

टिटवीने ते पान नेऊन अंड्यांवर सावलीला धरलं.

मागोमाग बगळा आला. "बाई, सावलीचा अर्ज वेगळा असतो."