मिटल्या डोळ्यांचा हत्ती

एक होता राजा. त्याला चित्रांच्या पोथ्यांचं भारी वेड. आणि ती चित्रं काढणार कोण? तर सगुणाबाई चितारीण. चाळीस वर्षं बिचारी रंग घोटत होती, पानं रंगवत होती. पाठ वाकली, बोटं आखडली. अगदी दमून गेली होती बरं का. पाय आवर रे, लाथ लागतेय मला.

तर तिच्या चित्रांची एक गंमत होती. हत्ती असो, मोर असो, डोळा ती सगळ्यात शेवटी काढायची. डोळा उघडला की चित्रात जीव यायचा. हत्ती कान हलवायचा, मोर पानावरच दोन पावलं नाचायचा.

मग एकदा काय झालं, राजा म्हणाला, "सगुणाबाई, आता माझ्या तिन्ही मुलांना शिकवा. पोथीतला हत्ती जसाच्या तसा आला पाहिजे, आणि हललाही पाहिजे. तीन दिवस देतो. नाही जमलं, तर कुंचले इथे ठेवायचे आणि घरी बसायचं."

सगुणाबाईला रडूच आलं. दमली होती खरी, पण कुंचला हातात नसेल तर दिवस कसा काढायचा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने पोथी पुढ्यात उघडून ठेवली. मुलांनी बघून बघून हत्ती काढले. सोंड तशी, शेपूट तशी, डोळाही तसाच. पण एक हत्ती हलेल तर शपथ.

मग दुसऱ्या दिवशी तिने एकेकाचा हात धरून गिरवून घेतलं. हत्तींनी जरासा कान हलवला, की पुन्हा गप्प. हात तिचा होता ना, म्हणून तेवढं तरी. मुलं कंटाळली, रंग सांडले, थोरल्याने तर कागदच फाडला.

तिसऱ्या दिवशी सगुणाबाई भिंतीला टेकली. म्हणाली, "बाळांनो, माझ्यात आता त्राण नाही. तुम्हाला दिसेल तसा काढा." आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

मोठे दोघे पोथी ओढून पुन्हा तोच हत्ती काढू लागले. धाकटी येसू, चार वर्षांची, ती मात्र सगुणाबाईकडेच बघत बसली. लोंबलेले हात, मिटलेल्या पापण्या. मग तिने हत्ती काढला. आडवा पसरलेला. डोळ्याच्या जागी नुसती एक वाकडी रेघ.

संध्याकाळी राजा आला. मोठ्यांचे हत्ती ढिम्म. येसूचा कागद उचलून तो ओरडला, "हे काय? याला डोळाच नाही!"

सगुणाबाई दचकून उठली. कागद बघितला आणि कुंचले गोळा करायला लागली.

येसू राजाच्या अंगरख्याला लोंबकळली. "आबा, ओरडू नका ना. झोपलाय तो. दमलाय, सगुणाआजीसारखा."

राजाने कागदाला कान लावला. तर आत हत्ती चक्क घोरत होता! पोट वर जात होतं, खाली येत होतं.

राजा खजील झाला. मग त्याने सगुणाबाईकडे पाहिलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. कुंचले तिच्या हातात परत ठेवले, अंगावर स्वतःची शाल घातली, आणि चवड्यांवर चालत बाहेर गेला.

सगुणाबाई पुरे आठ दिवस झोपली. पुढे मुलं आपापले हत्ती काढू लागली आणि सगळी सुखात राहिली. झालं, संपली. टेका आता उशीवर डोकं. मीही दमले गं बाई.