आसनावरचा भोपळा

बुधवारी सकाळी बाजाराच्या माळावर खुंट्या ठोकल्या गेल्या आणि दवंडी पिटली, की ही रिकामी जागा राजाच्या नगररचना विद्यापीठाला नव्या इमारतीसाठी दिली आहे, उद्या पायाभरणी, कोणाची हरकत असेल त्याने दरबारात यावे.

हरकत सगळ्या गावाची होती. दरबारात मात्र एकटी सगुणा गेली. ती माळ्याची पोर. बाप नव्हता. दर शुक्रवारी त्या माळावर मायलेकी भोपळे-दोडके घेऊन बसत, त्यावर त्यांचं आठवडाभर भागे. माळ गेला तर चूल कशावर पेटवायची, हे दवंडीवाल्याने सांगितलं नव्हतं.

विद्यापीठ मोठं नावाजलेलं. बाकीचं सगळं शिकून झालं, की नगर कसं असावं आणि राज्य कसं चालवावं हे शिकायला दूरदूरची मुलं तिथे येत. आचार्य विश्वंभर तिथले मुख्य. त्यांनी आखलेला नकाशा महाराज प्रतापभानांच्या पुढ्यात पसरलेला होता आणि त्यावर शिक्का उमटला होता. महाराजांचा स्वभाव असा, की एकदा शिक्का उमटला म्हणजे नकाशा चुकत नसे, गाव चुकत असे.

सगुणाने सांगितलं, की ती जागा रिकामी नाही, तिथे बाजार भरतो. महाराजांनी आचार्यांकडे पाहिलं. आचार्य शांतपणे म्हणाले, की शास्त्राप्रमाणे दोनदा पाहणी झाली आहे. एकदा सोमवारी, एकदा मंगळवारी. दोन्ही वेळा माळावर चिटपाखरू नव्हतं.

"शुक्रवारी यायचं होतं," सगुणा म्हणाली.

"शुक्रवारी तिथे फार गर्दी असते. मापाची दोरी धरता येत नाही," आचार्य म्हणाले.

दरबारात कोणीतरी खोकलं. महाराजांना तो खोकला आवडला नाही. ते म्हणाले, की तू एवढी शहाणी आहेस तर आज दिवेलागणीच्या आत ती जागा रिकामी नाही हे मला पटवून दे. माळावर एकही माणूस, जनावर किंवा टोपली न्यायची नाही. पटलं तर माळ बाजाराचा. नाही पटलं तर उद्या पायाचा पहिला दगड तू उचलायचास.

सगुणाने मान डोलावली आणि एवढंच मागितलं, की संध्याकाळी महाराजांनी विद्यापीठात यावं.

घरी आईने ऐकून कपाळाला हात लावला. ती म्हणाली, की पलीकडच्या गावचा बाजार बघू आता, लांब पडतो, पण तिथे आचार्य नाहीत. सगुणाने मांडवावरचा सगळ्यात थोराड लाल भोपळा उतरवला, डोक्यावर घेतला आणि विद्यापीठाची वाट धरली.

तिथल्या भटारखान्यात ती अधूनमधून थोडी भाजी पोचवायची, त्यामुळे तिला कोणी अडवलं नाही. मोठ्या दालनात मुलं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. काही तर उंबऱ्याबाहेर उन्हात होती. जागा पुरत नव्हती हे खरंच होतं. पण दालनाचा पुढचा अर्धा भाग महाराजांच्या आसनाने व्यापला होता. मखमली गादी, लोड, वर छत्र, भोवती रेशमी दोर. महाराज त्यावर दसऱ्याला बसत. बाकी वर्षभर त्यावरची फक्त धूळ झटकली जाई. नगरातला प्रत्येक बोळ मोजणाऱ्या आचार्यांनी हे आसन मात्र कधी मोजलं नव्हतं.

सगुणाने दोर ओलांडला, भोपळा गादीवर ठेवला, लोडाला नीट टेकवला आणि खाली येऊन बसली.

भोपळा उतरवायला हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण उतरवायचा तर आसनावर चढावं लागणार, आणि तो अधिकार कोणाला? आचार्यांनी तीन पंडितांची समिती नेमली. दिवस कलला, समितीचं चहूबाजूंनी बोलून झालं, भोपळा लोडाला टेकून ऐकत होता.

महाराज आले. दारातच थबकले.

"हे कोणी केलं?"

"मी, महाराज," सगुणा उठून म्हणाली.

"ही जागा कोणाची आहे, माहीत आहे?"

"आधी पाहणी केली ना. काल भाजी द्यायला आले तेव्हा पाहिलं, कोणी नव्हतं. आज दुपारी पाहिलं, तेव्हाही कोणी नव्हतं. शास्त्राप्रमाणे रिकामी निघाली."

"रिकामी? पोरी, दसऱ्याला मी बसतो इथे!"

"दसऱ्याला कोणी पाहणी करत नाही, महाराज. फार गर्दी असते."

आचार्य खाली फरशीकडे बघू लागले. सगुणा हळू आवाजात पुढे म्हणाली, "तुम्ही वर्षातून एक दिवस बसता, तरी बाकीचे दिवस ही जागा तुमचीच. कोणी भोपळा ठेवला तर तुम्हाला राग येतो. आम्ही तर दर आठवड्याला बसतो."

महाराजांनी भोपळ्याकडे पाहिलं. तो त्यांच्यासारखाच ऐसपैस बसला होता. त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे हसले, की छत्राच्या झालरी हलल्या. त्यांनी नकाशा मागवला आणि स्वतःच्या हाताने माळावरचा शिक्का खोडला. खोडता खोडता थांबून म्हणाले, "पण या मुलांना बसवू कुठे?"

सगुणाने आसनाकडे पाहिलं, मग उंबऱ्याबाहेर बसलेल्या मुलांकडे.

"दसरा अजून लांब आहे, महाराज."

ते दुसऱ्यांदा हसले, आणि या वेळी मुलंही हसली. त्याच संध्याकाळी आसन भिंतीशी सरकलं आणि उंबऱ्याबाहेरची मुलं आत आली. पायासाठी आणलेल्या दगडांचे माळावर ओटे बांधायचा हुकूम सुटला. त्यातला झाडाच्या सावलीतला पहिला ओटा सगुणाच्या आईचा. भोपळा महाराजांनी आपल्या मुदपाकखान्यात पाठवला आणि मोबदल्यात सगुणाच्या ओंजळीत मोहरा ठेवल्या.

आचार्य नकाशाची गुंडाळी करत तिच्याजवळ आले. म्हणाले, की माळाची पाहणी आता नव्याने करावी लागेल.

"या की शुक्रवारी," सगुणा म्हणाली. "येताना पिशवी आणा."