द्राक्षं आंबट कुणाला?

दिंडोरीच्या माळावर मृणालिनी ढिकले यांनी इकडे कुणी न लावलेलं एक काळपट द्राक्ष लावलं. त्याची पहिली वाइन जेमतेम पिंपभर निघाली. ती विक्रीला येणार म्हणून शौकीन मंडळी सकाळपासून अंगणात ताटकळत होती. एवढ्यात वाइन क्लबचे अध्यक्ष रणदिवेसाहेब आले. त्यांच्या शब्दावर हॉटेलवाले माल घेत किंवा नाकारत, त्यामुळे त्यांना दुखवणं बाईंना परवडणारं नव्हतं.

"सगळ्या बाटल्या माझ्या गाडीत ठेवा," साहेबांनी फर्मावलं. "या लोकांना चवीतलं काय कळतंय? ही वाइन एकट्या माझ्याकडे असली की बसतील जळत."

बाई हसून म्हणाल्या, "न्या की, साहेब. पण ज्यांनी चाखलीच नाही, ते जळतील कशाला? द्राक्षं आंबट होती म्हणतील आणि घरी जातील."

साहेब घुटमळले. "मग द्या प्रत्येकाला एकेक. उरतील त्या माझ्या."

"तुम्हीही एकच घ्या, साहेब. जास्त नेल्यात तर लोक म्हणतील, खपेना म्हणून बाईंनी साहेबांच्या गळ्यात मारली."

साहेब जाऊन रांगेत उभे राहिले.