म्हादूने लावलेला कौल

एकदा काय झालं, एका राजाला जांभया फार यायच्या. राजाने जांभई दिली की समोर चुटकी वाजवायला त्याने एक माणूस ठेवला होता. त्याचं नाव म्हादू. हसू नका रे, नोकरीच होती ती. वर पागोटं मिळायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत राजाच्या तोंडाकडे बघत बसायचं, तोंड उघडलं की चुट् चुट्. अशी बारा वर्षं गेली. म्हादूला अगदी रडू यायचं, बरं का.

आता नदीपलीकडे भागी नावाची एक म्हातारी कुंभारीण राहायची. ती मातीची पाखरं करायची. घडवायची, भाजायची, मग चोचीत फुंकर घालायची, की पाखरू भुर्रकन उडून जायचं. खरंच उडायचं. म्हादूने ते पाहिलं आणि त्याचं मन तिथेच राहिलं. तो म्हणाला, "भागीमावशी, मला शिकवशील?"

"शिकवीन की. पण तीन वर्षं लागतील. आधी घडवणं, मग गळा, म्हणजे पाखरू गाईल असा कोरायचा, शेवटी फुंकर. फुंकर सांगून येत नाही. आपण दोघांनी मिळून घालायची, तेव्हा ती तुझ्यात उतरेल. माझं वय झालंय हो, फार वेळ लावू नकोस."

म्हादूने ठरवलं, नोकरी एकदम सोडायची नाही. एकादशीला राजा उपासाचं इतकं खायचा की दिवसभर घोरत पडायचा, जांभईला सवडच नाही. तेव्हा पहिल्या वर्षी नुसत्या एकादश्या. दुसऱ्या वर्षी रोज दुपारनंतर. तिसऱ्या वर्षी पागोटं परत. बेत चांगला होता, मी नाही म्हणत नाही. फक्त आधी देवाला विचारायचं होतं.

त्या गावात देवाला कौल लावायचे. देवाच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली पाकळी चिकटवायची, आणि हात जोडून बसायचं. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे काम गुरवाचं. पण गुरवाला कळलं तर राजाला कळेल, म्हणून म्हादू गुरव जेवायला गेला असताना एकटाच देवळात शिरला. त्याने पाकळ्या लावल्या, विचारलं, "देवा, सुरुवात करू?" पाकळी पडली. डावी. म्हादू गुपचूप घरी आला.

दुसऱ्या वर्षी त्याने परत विचारलं. परत डावी. भागीचा निरोप आला, "डोळ्यांना कमी दिसायला लागलंय, ये लवकर." म्हादू म्हणाला, देवच नको म्हणतो, मी काय करू? खरं सांगू का, त्याला थोडं बरंही वाटलं. भित्राच होता मेला. मनू, तिचं पांघरूण ओढू नकोस.

मग तिसरं वर्ष आलं. तिसऱ्यांदाही डावीच. म्हादू तिथेच रडत बसला, आणि तेवढ्यात गुरव जेवून आला. म्हादूने त्याला सगळं सांगितलं.

"कुठली पडली, दाखव बघू," गुरव म्हणाला.

म्हादूने आपला डावा हात पुढे केला. "ही. डावी."

गुरव त्याच्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "अरे म्हादू, देव तुझ्याकडे तोंड करून बसलाय. तुझा डावा तो त्याचा उजवा. कौल देवाच्या हाताने बघायचा असतो."

"मग तीन वर्षं देव मला काय सांगत होता?"

"जा म्हणत होता."

आता एकादशीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. म्हादूने त्याच दुपारी राजाला पागोटं परत केलं आणि धावत नदीपलीकडे गेला. भागी अंथरुणाला खिळली होती. ती रागावली नाही. तिने पडल्या पडल्या, रात्रंदिवस एक करून, त्याला घाईघाईने घडवणं शिकवलं. मग गळा शिकवला. मग फुंकर घालायला दोघांनी पाखरू तोंडाशी धरलं. एकदा फुंकलं, दोनदा फुंकलं, तीनदा फुंकलं. पाखरू हललं नाही.

"दम उरला नाही रे," भागी म्हणाली. "गेल्या वर्षी होता."

त्याच महिन्यात ती गेली.

मग म्हादू पाखरं करत राहिला. वाऱ्यावर धरली की गोड गायची, गावोगावची मुलं न्यायची. राणी राजापुढे स्वतःच चुटकी वाजवायला लागली, राजा सुखी झाला. म्हादूही सुखी झाला, काम करताना गुणगुणायचा. पण त्याचं एकही पाखरू उडालं नाही. नवं झालं की तो फुंकर घालायचा, आणि तळहात उघडा ठेवून जरा वेळ बसायचा. मला बाई त्याचं फार वाईट वाटतं.

काय म्हणालीस? हो गं, गुरवाला पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं. झोपा आता.