लुमाचा वाटा

डोंगरात बंदूक पोचली नव्हती आणि सांबरं वेशीपर्यंत येत, तेव्हाची ही गोष्ट. आंबेदरी गावात लुमा राहायचा. दसरा उलटून गवत पिवळं पडलं, की सांबराचा नर माजावर येतो. तेव्हा लुमा चिमूटभर राख उडवून वारा बघायचा, आपला वास जनावराकडे जाणार नाही अशा जागी भालेकऱ्यांना बसवायचा आणि ओठात पान धरून मादीचा आवाज काढायचा. असं म्हणतात, की तीन डोंगरांपलीकडचा नर त्या सादेवर नदी पोहून यायचा.

पण वाटणीचा नियम एकच, वाटा हत्याराला. भालेकऱ्याला वाटा, त्याच्या कुत्र्यालाही वाटा. लुमाच्या हातात नुसतं पान, त्याला कोण विचारतो? गरज सरो नि वैद्य मरो, ही आपली जुनीच रीत.

एका वर्षी नाचणी करपली. लुमाची बायको ठमी बाळंत झाली आणि तिला दूध येईना. लुमाने देवजी पाटलापुढे हात जोडले, या खेपेला तरी एक वाटा मागितला. पाटलाने बेलभंडारा उचलून शब्द दिला, की आवाजाचाही वाटा निघेल.

त्या दिवशी लुमाने अशी साद घातली, की रानातली पानंही हलायची थांबली, असं म्हणतात. थोराड नर आला आणि पडला. लुमा पहिल्यांदाच द्रोण घेऊन वाटणीला बसला. पाटलाने सांबराच्या गळ्यातली नळी कापून त्यात टाकली.

"आवाजाचा वाटा मागत व्हतास न्हवं? हा घे आवाज."

सगळे पोट धरून हसले. हसणारे आपलेच पणजे होते, दुसरे कोण?

आठवडाभरात लुमाचं मूल गेलं. डोंगराच्या सोंडेवर त्याने मुलाशेजारी ती नळी पुरली आणि ठमीला म्हणाला, "आता हीच बोलंल. म्या न्हाई."

पुढच्या वर्षी शिकारी दबा धरून बसले, की सोंडेवरच्या मातीतून सांबराची धोक्याची हाक उठायची आणि कळप उधळायचे, असं म्हणतात. गाव उपाशी राहिलं. पाटील पाय धरायला आला, तेव्हा लुमाने झाडाचं पान तोडून त्याच्यासमोर फाडलं.

आता शिकारही नाही, सांबरही नाही. तरी दसऱ्यानंतर गाव सोंडेवर जातं, कोहळा कापून वाटे घालतं. सगळ्यांत मोठा वाटा लुमाच्या नावाने मांडलेल्या दगडापुढे ठेवून पाटलाच्या घरचा माणूस म्हणतो, "लुमाबाबा, वाटा घ्या." मेल्यावर तो बाबा झाला. मग सगळे कान देऊन उभे राहतात. उत्तर येत नाही. वाटा तिथेच वाळतो, कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नाही.